उताराचा खालचा अर्धा भाग

तळ्यावर धुकं इतकं दाट होतं की पाण्यात उतरलेली माणसं चार हातांवर नाहीशी होत होती. इझ्झा कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, बरंच झालं बाई. काठापासून इथवर आपण लंगडत आलो ते कोणाला नीट दिसलं नसेल.

आता आमच्या आझ्रू गावात इझ्झाला ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. ती गाडी चालवायला शिकवते. निम्म्या गावाला तिनं शिकवलंय आणि उरलेलं निम्मं गाव तिची शिकाऊ मंडळी रस्त्यावर आली की दुकानाच्या पायरीवर चढून उभं राहतं. पण तिचा खरा जीव डोंगरात. तळं पोहायचं, मग सायकलवरून देवदारांच्या रानातून चढायचं आणि उतरायचं, मग धावत तळ्याला फेरी मारायची, अशा शर्यती ती करायची. बक्षीस कधी मिळालं नाही, तिनं कधी मागितलंही नाही. पाच वर्षांपूर्वी अशाच एका शर्यतीत लाल उतारावर ती पडली. उताराच्या मध्यावर देवदाराचं एक मूळ वाटेत आडवं आलंय, त्यात पुढचं चाक अडकलं. खुबा मोडला. बरा झाला तेव्हा एक पाय बोटभर आखूड होता. गावानं काय म्हणावं? ब्रेक कुठे असतो ते सगळ्यांना शिकवणारी बाई स्वतःच विसरली म्हणे. बाजारात भाजी निवडता निवडता हे ऐकायचं आणि वर हसायचं, म्हणजे कठीणच की नाही.

पण ते टोमणे तिनं पचवले. पचलं नाही ते निराळंच होतं. मेकनेस शहरातल्या इस्पितळात पडल्या पडल्या तिला रोज एकच स्वप्न पडायचं. ती लाल उतारावरून सायकलनं खाली चाललीय, दोन्हीकडे झाडं सरसर मागे पळताहेत, समोर मूळ येतं, आणि जाग. मुळाच्या पुढे स्वप्नात काही नव्हतंच. कापड टर्रकन फाडावं तसा उतार तिथं संपायचा. घरी आली तरी स्वप्न तेच. आणि चमत्कार असा की जागेपणीसुद्धा तिला उताराचा खालचा अर्धा भाग आठवेना. लहानपणी बापाच्या मेंढ्यांमागे त्या वाटेनं ती कितीदा उतरली असेल! पण डोळे मिटून कितीही आठवलं तरी मूळ दिसायचं, त्यापुढे पांढरं.

हे तिनं एकदाच सांगितलं होतं, नवऱ्याला. हद्दू सुतार आहे, देवदाराच्या पेट्या करतो. तो लाकूड तासत होता. त्यानं ऐकून घेतलं, रंधा खाली ठेवला आणि म्हणाला, "मी उद्या जाऊन बघून येतो ना. खाली काय आहे ते सांगतो तुला." बिचारा मनापासून म्हणाला होता. पण इझ्झाच्या डोक्यात अशी तिडीक गेली की दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. माझ्या वाटणीचं तू बघून येणार?

म्हणून ही आजची शर्यत. नंबर मिळवणं वगैरे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला लाल उतार सायकलवर बसून उतरायचा होता, पाय न टेकता, आणि खाली काय आहे ते पाहायचं होतं. ते जमलं नाही तर ती सायकल विकणार होती. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं.

हद्दूनं मोडता घातला नाही. आखूड पायाच्या बुटात घालायला त्यानं बुचाच्या लाकडाचा पातळसा तळवा कोरून दिला. पण आज पहाटे गाडीत सायकल चढवताना मागच्या घोंगडीखालून काहीतरी डोकावलं. तिची कुबडी. त्यानंच तेव्हा देवदाराची घडवलेली, काखेत रुतू नये म्हणून वर लोकर गुंडाळलेली. ती तिनं मुद्दाम घरी दाराआड उभी करून ठेवली होती आणि तो ती घेऊन आला होता. तिनं घोंगडी पुन्हा सारखी केली.

शिट्टी झाली आणि सगळे पाण्यात झेपावले.

पाणी बर्फाचं होतं. आधी श्वास छातीत अडकला, मग हळूहळू सुटला, आणि मग इझ्झाला जाणवलं की पाण्यात तिचे दोन्ही पाय सारखे आहेत. लांब पाय, आखूड पाय, असं पाण्याला काही कळत नव्हतं. डोकं वर काढलं की पांढरं धुकं, खाली घातलं की हिरवट काळोख, आणि दोन्हींच्या मधे ती कुठेतरी. बाकीच्यांचा आवाज विरून गेला. मधेच एक पाणकोंबडी तिच्याकडे बघत बाजूनं निघून गेली. इझ्झाला वाटलं, आपण गेली पाच वर्षं झोपलो होतो आणि आता जागं व्हायच्या आधीचं हे पातळ पातळ स्वप्न चाललंय. हात आपोआप चालत होते. काठ आला तेव्हा तिला वाईट वाटलं.

तिकडे वर रानात मात्र वेगळाच गोंधळ उडाला होता, आणि तो इझ्झाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. शर्यत भरवणारे कासाब्लांकाचे. त्यांनी आदल्या दिवशी झाडाझाडाला लाल फिती बांधून वाट दाखवली होती. आता आमच्या रानात माकडं किती, आणि ती कसली अवली, हे शहरातल्या माणसांना कोण सांगणार? सकाळी फिती गायब. एक माकडीण म्हणे गळ्यात फीत अडकवून फांदीवर बसली होती. मग धावाधाव झाली, आणि तिथं मेंढ्या बघत बसलेल्या म्हाताऱ्या मीमूनला कोणीतरी विनवलं, बाबा, काहीतरी खूण करून दे, लांबून दिसेल अशी.

मीमून म्हणजे आमच्या टोळीच्या कुरणाचा राखणदार. वसंतात पंच मंडळी वरचं कुरण बंद करतात, गवताला वाढू देतात. मीमून हद्दीवर दगडांचे ढीग रचतो आणि त्यांना चुना फासतो. पांढरे दगड दिसले की वाट बंद. दुसऱ्या खोऱ्यांत म्हणे फक्त मेंढ्यांना मनाई असते, आमच्याकडे माणसानंही पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर सगळ्या पंचांना जेवण घालावं लागतं आणि ते जेवता जेवता जे बोलतात ते ऐकावं लागतं. रांगायला लागलेलं पोरसुद्धा आमच्यात पांढऱ्या दगडाशी थांबतं.

इझ्झा सायकलवर बसली आणि रानात शिरली. चढावर तिला एकेक जण मागे टाकून गेले. जाऊ देत. देवदारांच्या बुंध्यांमधून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या पडल्या होत्या, धुकं त्यांतून वर चढत होतं, आणि टायरखाली वाळल्या काड्यांचा चुरचुर आवाज येत होता. खुबा ठणकत होता, पण तो ओळखीचा ठणका होता, घरच्या माणसासारखा. वळणावर कोणीतरी ताकाचा वाडगा पुढे केला, तिनं थांबून प्यायला आणि वाडगा देणारीच्या सुनेला परवाना मिळाला का, ते विचारलं. मिळाला होता.

रान संपलं. समोर खिंड, आणि खिंडीपलीकडे लाल उतार. ती स्वतःशीच म्हणाली, बाई, आता माघार नाही.

आणि खिंडीच्या तोंडाशी वाटेच्या दोन्ही अंगांना दगडांचे दोन पांढरे शुभ्र ढीग.

इझ्झानं विचारसुद्धा केला नाही. हँडल आपसूक डावीकडे वळलं. कुरण बंद असलं की मेंढ्या घेऊन जातात त्या आडवाटेला ती लागलीसुद्धा. यंदा पाऊस कमी, पंचांनी हद्द इथवर वाढवली असणार, शर्यतवाल्यांना कोणी सांगितलं नसणार, असं सगळं तिच्या डोक्यात आपोआप जुळत गेलं. आडवाट सपाट होती, टेकडीला वळसा घालून खाली तळ्याकडे जाणारी. वारा छान होता. खिंड मागे पडली.

थोडं पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण चक्क मोठ्यानं गाणं गुणगुणतोय.

ते ऐकून तीच दचकली. हे गुणगुणणं ती चांगलं ओळखत होती. परीक्षा पुढे ढकलली गेली की तिच्या शिकाऊ मुली घरी जाताना असंच गुणगुणतात. इझ्झानं ब्रेक दाबला, पाय टेकला आणि तशीच उभी राहिली.

तेवढ्यात मागून शीळ आली. दोन बोटं तोंडात घालून मारलेली, चुकार मेंढीला परत बोलावायची शीळ. तिच्या बापाचीही अशीच असायची. वळून बघते तो मीमून लगबगीनं येतोय, एका हातात अंगातल्या पायघोळ जेलाब्याचा घोळ, दुसऱ्या हातात चुन्याची बादली.

"लल्ला इझ्झा," आमच्यात बाईमाणसाला मानानं मारतात तशी त्यानं हाक मारली, "कुठे निघालीस तू?"

"वाट बंद केलीत ना दादा. म्हणून वळले."

मीमूननं तिच्याकडे बघितलं. मग बादलीकडे बघितलं. मग मागे वळून खिंडीतल्या आपल्या दोन ढिगांकडे बघितलं, आणि मटकन खाली बसला. बसला तो हसायलाच लागला. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. मग त्यानं माकडांची सगळी कथा सांगितली. खूण कर म्हणाले, आता राखणदाराच्या हाताला दुसरी कुठली खूण येणार? दगड रचले, चुना फासला, आणि आपण छान काम केलं म्हणून सावलीत बसला. शहरातले सगळे त्या दोन ढिगांमधून दार असल्यासारखे सुसाट गेले.

"एवढी माणसं गेली, एकानंही मान वळवली नाही," मीमून डोळे पुशीत म्हणाला. "आपली म्हणावी अशी तू एकटी. आणि तुलाच मी परत पाठवलं."

इझ्झालाही हसू फुटलं. दोघं त्या माळावर बसून पोटभर हसली. अशी चूक करायला राखणदारही आमचाच लागतो आणि शर्यत खेळणारीही आमचीच.

मग मीमूननं बादलीतली काडी फिरवत सहज विचारलं, "पण गात का होतीस ग?"

इझ्झाचं हसू ओसरलं. खोटं बोलणं सोपं होतं. दगडांची साक्ष होती, राखणदारानं स्वतः चूक कबूल केली होती, घरीदारी कोणी बोट दाखवलं नसतं. हद्दूलाही पटलं असतं. सायकल विकताना गिऱ्हाइकालाही हीच गोष्ट हसत हसत सांगता आली असती.

"मला भीती वाटते, दादा," ती म्हणाली. "दगड दिसले आणि मला इतकं बरं वाटलं. इतकं बरं मला पाच वर्षांत वाटलं नव्हतं."

मीमून गुडघ्यावर हात टेकून उठला, बादली तिच्या हातात दिली, तिची सायकल स्वतः धरली आणि खिंडीकडे चालू लागला. तिला मागोमाग जावंच लागलं. ती लंगडत होती आणि तो सायकल ढकलत होता, आणि कोणालाच घाई नव्हती. शर्यत तर केव्हाच पुढे निघून गेली होती.

खिंडीत आल्यावर मीमूननं डोक्यावरची टोपी सारखी केली. कुरण उघडायच्या दिवशी सगळी टोळी मेंढ्या घेऊन हद्दीवर उभी असते, कोणी शब्द बोलत नाही, आणि राखणदार ढिगाचा माथ्यावरचा दगड उचलून बाजूला ठेवतो. तसाच त्यानं उजव्या ढिगाचा माथ्यावरचा दगड दोन्ही हातांनी उचलला. मग डाव्या ढिगाचा. समोर टोळी नव्हती, मेंढ्या नव्हत्या, आखूड पायाची एक बाई चुन्याची बादली घेऊन उभी होती. तरी त्यानं तोच आवाज लावला जो त्या दिवशी लावतो.

"देवाचं नाव घ्या. कुरण उघडलं." आणि मग साध्या आवाजात, "आता दगडांचं नाव सांगू नकोस हो कोणाला."

त्याची बोटं पांढरी झाली होती. त्यानं सायकल तिच्या हातात दिली तेव्हा हँडलवरही चुना लागला. ओला होता अजून.

इझ्झा बसली आणि निघाली.

उतार तिला ओळखत होता. लाल मातीचा वास आला, दोन्हीकडची झाडं सरसर मागे जाऊ लागली, आणि आपण जागे आहोत की पुन्हा तेच स्वप्न चाललंय हे तिला सांगता येईना. मागून कोणी येत नव्हतं, पुढे कोणी नव्हतं. स्वप्नातही असंच असायचं. पहिलं वळण, दुसरं वळण, आडवा पडलेला बुंधा, सगळं जिथल्या तिथं. बोटं ब्रेकवर होती. आता मूळ येणार, आता येणार, आणि आलंच.

स्वप्नात ते मांडीएवढं जाड असायचं. प्रत्यक्षात मनगटाएवढं होतं, चाकांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं. पण भीतीला जाडी कुठे कळते! इझ्झाचे डोळे त्या मुळाला जे चिकटले ते निघेनात. आणि चाक सरळ तिकडेच चाललं, जसं पाच वर्षांपूर्वी गेलं होतं.

तेव्हा तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. चिडका, दिवसातून शंभरदा तेच तेच सांगून घसा बसलेला. खांबाकडे काय बघतेस, बये? जायचंय तिकडे बघ. बघशील तिकडे गाडी जाते. किती मुलींना तिनं हे सांगितलं होतं, किती जणींची हनुवटी धरून मान वर केली होती! आणि स्वतः मात्र पाच वर्षं, झोपेत आणि जागेपणी, त्या एका मुळाकडे बघत बसली होती. पुढे कधी बघितलंच नव्हतं.

इझ्झानं मान वर केली. फाटलेल्या कापडापलीकडे, जिथं काहीच नव्हतं तिथं तिनं बघितलं.

सायकल धडकन उडाली, खुब्यात कळ चमकून गेली, दात एकमेकांवर आपटले. आणि मूळ मागे गेलं.

पुढे उतार होता. नुसता उतार, लाल, रुंद, उन्हात पसरलेला. डावीकडे झरा वाहत होता आणि त्याच्या काठाला पुदिना माजला होता. एक गाढव पाण्यात पाय सोडून उभं होतं. खडकावर कोणीतरी लाल काळी सतरंजी धुऊन वाळत घातली होती आणि तिच्यातून पाणी निथळत होतं. इझ्झाला सगळं आठवलं. या खडकावर बसून ती बापाबरोबर रोटी खायची, या झऱ्यात तिची एक चप्पल वाहून गेली होती आणि तिनं मार खाल्ला होता. सगळं इथंच होतं, तिची वाट बघत. ती रडत होती, आणि रडत रडतच चाक नीट धरून होती. सतरंजीवाली बाई लाकडी मोगरी हातात धरून तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुझी माणसं कधीच गेली ग." इझ्झानं रडतच मान हलवली. पाय तिनं टेकला नाही.

ती तळ्यावर पोचली तेव्हा दुपार कलायला लागली होती. सायकलींची मुदत बाराची, ती केव्हाच उलटून गेली होती. कासाब्लांकाची मंडळी तंबू सोडत होती. त्यांच्यातल्या एका पोरीनं मोठ्या प्रेमानं सांगितलं की ताई, वेळ संपली, आता धावायला सोडता येणार नाही, आणि तिच्या दंडावर रंगवलेला नंबर ओल्या फडक्यानं पुसून दिला. इझ्झानं पुसू दिला.

वाटेच्या टोकाला हद्दू उभा होता. सकाळपासून तो तिथंच होता. सगळे येऊन गेले, ही आली नाही. उतारावर कोणी पडलंय का हे त्यानं येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं होतं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं. सुताराचे गुडघे ते, इतका वेळ उभं राहून कडक झाले होते. म्हणून त्यानं गाडीतून कुबडी आणली होती आणि तीच काखेत धरून, सगळा भार तिच्यावर टाकून तो रस्त्याकडे डोळे लावून उभा होता.

इझ्झा त्याच्यापुढे थांबली आणि मग पाय टेकला.

"पडलीस?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग उतरून चालत आलीस?"

"नाही."

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, चुन्यानं पांढऱ्या झालेल्या हातांकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "काय आहे मग खाली?"

"झरा आहे," इझ्झा म्हणाली. "एक गाढव आहे. आणि कोणाची तरी सतरंजी वाळतेय."

हद्दूनं मान डोलावली. मग त्याला एकदम आठवलं की कुबडी आपल्याच काखेत आहे, आणि ओशाळून त्यानं ती काढली आणि तिच्यापुढे धरली. चालताना लागेल, गाडी लांब लावलीय, असं काहीबाही पुटपुटला.

इझ्झानं हेल्मेट काढलं आणि सायकल त्याच्या अंगावर टेकवली. ती खाली वाकली, आखूड पायाच्या बुटाची नाडी घट्ट बांधली.

"राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "तुला अजून थोडा वेळ उभं राहायचंय. मी तळ्याला फेरी मारून येते."

तंबू उतरले होते, फिती माकडांनी नेल्या होत्या, वेळ लावायला कोणी उरलं नव्हतं. ती एक पाय लांब, एक आखूड, अशी डुलत डुलत काठानं धावत निघाली. हद्दूनं कुबडी पुन्हा काखेत घेतली आणि तिच्यावर रेलून तो वाट बघू लागला.